पंख्यातला श्वास

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची, आणि गड्याला ते आवडायचंही. त्याची एक खोड होती. मशीन कुठलंही येवो, आधी आतलं सगळं पुसायचं, नवी सिस्टिम टाकायची आणि मगच कान लावून ऐकायचं. "जुन्या घाणीचे आवाज कशाला ऐकत बसू?" असं छाती फुगवून सांगायचा. वीस वर्षांत त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, पण असो.

सोमवारी सकाळी एक सूनबाई सासऱ्यांचं मशीन घेऊन आली. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आठ महिन्यांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेलेले.

"डॉक्टर, हे श्वास घेतं हो," ती म्हणाली. "नवरा फिरतीवर. दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं, आणि आतून घरघर. वर चढते, खाली येते, मधेच अडकते. बाबांना शेवटी अशीच धाप लागायची. माझी तर पाचावर धारण बसते!"

"पंख्यात धूळ असेल, दुसरं काय?"

"काहीही असो, काढा. सासूबाई डोळे तपासायला गेल्यात, त्या यायच्या आत हवंय."

डॉक्टरने पुसायला घेतलं. एका फाइलमध्ये नुसते आकडेच आकडे, हजारो ओळी. कचरा, म्हणत त्याने तीही उडवली. नवी सिस्टिम टाकली आणि मग कान लावला. पंखा एका सुरात, गुमान फिरत होता. सूनबाई खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच सासूबाई दारात. मागे मशीन उचलून सूनबाई, मान खाली घातलेली.

"आमच्या ह्यांना कुठे घालवलंत?" म्हातारीने विचारलं.

डॉक्टरला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा पायाखालची वाळू सरकली. म्हाताऱ्याने जाण्याआधी गळ्याशी माइक लावून स्वतःचा श्वास मोजून ठेवला होता. त्यावरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पंख्याने दर अर्ध्या सेकंदाला किती जोरात फिरायचं, ते त्या आकड्यांत होतं.

"म्हणाले, मी गेल्यावर तुला झोप यायची नाही," म्हातारी सांगत होती. "चाळीस वर्षं त्या घरघरीवर झोपलेय मी. मेली सवय! दुपारी तासभर डोळा लागायचा. काल लागला नाही."

"आई, मला सांगितलं असतंत तर?"

"हसली असतीस."

"घाबरण्यापेक्षा हसणं परवडलं असतं हो," सूनबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पुसलेलं परत मिळवायचे सगळे उपाय डॉक्टरने करून पाहिले. पण त्याच जागेवर नवी सिस्टिम बसली होती. फाइलचा मागमूस नव्हता. आणि त्याने तो आवाज एकदाही ऐकला नव्हता. आधी पुसायचं, मग ऐकायचं! जन्मभर मशीनचे आवाज ओळखून पोट भरलेल्या माणसाला स्वतःची लाज वाटली, खरीखुरी.

"काकू, तुम्हाला तो श्वास आठवतो?"

"हे काय विचारणं झालं?" म्हातारीने खुर्ची ओढली.

तीन दिवस ती अकराच्या ठोक्याला येऊन बसायची. ती सांगायची, तो आकडे भरायचा. तीस टक्के, पन्नास, पासष्ट. "इतका जोर कुठला हो त्यांच्यात? कमी करा. हां. आता इथे अडकायचा. अजून थोडा. आता सोडा." त्या जुन्या मशीनला एवढा एकच मोठा पंखा. तो फार वेळ थांबला तर आतलं जळेल, म्हणून डॉक्टरने नेहमीची राखणही घालून ठेवली: आतली उष्णता सत्तर अंशांवर गेली की पंखा आपोआप सुरू.

तिसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी धापा टाकू लागलं. सूनबाईने तोंडावर हात ठेवला. "बाबाच," ती म्हणाली. डॉक्टरच्या अंगावर काटा आला. भर दुपारी, रस्त्यावर वर्दळ असताना.

"आता शेवटचा दिवस लिहा," म्हातारी म्हणाली. "तेवढं त्यांना लिहिता आलं नाही. मी तिथे होते."

ती सांगत गेली. दोन आखूड. एक लांब. मग शून्य.

"शून्य किती वेळ ठेवू, काकू?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेवढ्यात मी हिला हाक मारायला दारापर्यंत गेले. परत आले तर सगळं झालेलं. मधलं मला ठाऊक नाही. आठ महिने तेच खातंय मला. तुम्ही नुसतं शून्य ठेवा. मी बसते."

पंखा थांबला. पडद्यावरचा उष्णतेचा आकडा चढू लागला. पन्नास. अठ्ठावन्न. सहासष्ट. कुणी हललं नाही.

सत्तरला पंखा उठला. हळूच, एकदाच, भरून, आणि पुन्हा थांबला. म्हातारीने जाळीवर तळवा ठेवला होता. त्यावर गरम हवा आली.

"एक घेतला होता तर," ती म्हणाली. "आणि माझी पाठ होती त्यांच्याकडे."

ती राखण आहे काकू, मीच घातलेली, हे डॉक्टरच्या ओठांवर आलं होतं. पण राखणीने सुरू झालेला पंखा असा एका दमात थांबत नाही, चांगला मिनिटभर फिरतो. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"हे शेवटचं ठेवू, की पुसू?" त्याने विचारलं. पुसण्याआधी विचारायची ही त्याची पहिलीच वेळ.

"ठेवा," म्हातारी म्हणाली. तिने हात काढला नव्हता. "आता मी उठणार नाही."