इस्त्री न फिरवलेला चेहरा

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी जावेदनं थोरल्या भावानं, ताहेरनं, काढलेलं चित्र झेरॉक्स मशीनच्या काचेवर पालथं ठेवलं आणि हिरवं बटण दाबलं. ताहेर तेव्हा समोरच्या हॉटेलातून चहा घेऊन रस्ता ओलांडत होता. त्यानं दुकानात शिरून मशीनचं झाकण उचललं, कागद सुलटा केला. कागदावर चेहरा नव्हता. तो काचेवर सांडला होता.

चित्र त्यांच्या अम्मीचं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं घर बसलं, त्यात ती गेली आणि होते नव्हते ते फोटोही गेले. ताहेर तेव्हा बारा वर्षांचा, जावेद दोनचा. पुढं लातुरात, ट्यूशनच्या गल्लीत, झेरॉक्सचं दुकान टाकल्यावर ताहेर फावल्या वेळात तिचा चेहरा काढून बघायचा. पेन्सिलीनं काढला तर हरवलेल्या माणसाच्या पत्रकावरचा वाटे. कोळशानं काढला तर कुणी म्हातारी उमटे, आणि अम्मी म्हातारी झालीच नव्हती. मग एकदा मशीनमधली टोनरची वाया गेलेली काळी पावडर फेकताना त्याचं बोट कागदावर घासलं, आणि त्या करड्या पट्ट्यात त्याला गालाचा उतार दिसला. तेव्हापासून तो कागदभर पावडर पसरायचा आणि कापसानं थोडी थोडी उचलायचा. पाच आठवड्यांपूर्वी चेहरा जमला.

ही पावडर कागदाला नुसती धरत नाही. मागून गरम इस्त्री फिरवली की वितळते आणि कायमची बसते. ताहेरनं इस्त्री मुद्दाम फिरवली नव्हती. अम्मी नीट आठवेल असं एकच माणूस उरलं होतं, बिलोलीला दिलेली थोरली बहीण, रुखसार आपा. ती आज येणार होती. ती सांगेल तसं नाक, ओठ हलवायचे आणि मगच इस्त्री, असं ठरलं होतं.

जावेद म्हणाला, त्याला वाटलं चित्र वाळलंय.

"वाळायला गिलावा हाय का तो?" ताहेरनं आवाज चढवला नाही.

"मला एक कॉपी पाहिजे होती, भाई. तुमी तिला बघितलंय. मी कधी बघितलं?"

ते खरं होतं, म्हणून ताहेरचा राग आणखी चढला. तेवढ्यात फिजिक्सचे राघवेंद्र सर चाचणीचा पेपर घेऊन आले. ऐंशी प्रती हव्या होत्या, अर्ध्या तासात. काच पुसून घ्या, असं त्यांनी सुचवलं. ताहेरनं मशीनचं बटण बंद केलं.

"एका डागासाठी धंदा बंद ठेवता का?"

"डाग म्हणू नका, सर. शेजारी जावा."

सर गेले. त्यांच्यामागं रांगेतली पोरंही गेली. चहा तसाच निवला.

आपा साडेपाचला आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत ताहेरनं मशीनमधून निघालेली ती एकुलती एक प्रत तिच्या हातात दिली. कपाळ, एक भुवई, एक डोळा. त्याखाली नुसता काळा फराटा, कारण कागद सरळ करायला जावेदनं तो खालून ओढला होता.

आपानं प्रत डोळ्यांजवळ धरली.

"डोळा तिचाच हाय," ती म्हणाली. "खालचं इचारू नको. मला आता आठवत न्हाई."

"कधीपासून?"

"झाली की चार-पाच वर्षं. फोनवर तू लई उमेदीनं बोलायलास, मग कसं सांगू?"

म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी, चेहरा जमला त्याच दिवशी इस्त्री फिरवली असती तरी चाललं असतं. ताहेरनं जावेदवर धरलेला राग आता नुसता कुणा एकावर मावेना. इतक्या लांबून आलीसच कशाला, असं तो आपाला म्हणाला. तिनं जावेदला उजेडात बोलावलं, हनुवटी धरून त्याचं तोंड रस्त्याकडं वळवलं.

"लोक म्हणायचे, तोंड ह्यानं अम्मीचं उचललंय. बसव ह्याला समोर."

ताहेरनं भावाकडं बघितलं नाही.

साडेसहाला जावेद शटरजवळच्या स्टुलावर बसलेला होता. मशीन बंद होतं, काच पुसलेली नव्हती, आणि पावडरच्या डब्याचं झाकण ताहेरनं अजून उघडलं नव्हतं.