बुधवारची हिरवळ

बागेत जायचं तर रविवारी जावं, एवढी साधी अक्कल सगळ्या जगाला आहे, फक्त माझ्या मैत्रिणीला, रईसाला नाही, असं आमच्या सुदर्शनरावांचं मत. चाळीस वर्षं माझ्याशी संसार करूनही त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं. मी त्यांना चहा दिला नाही. ज्याला बुधवार कळत नाही त्यानं चहा आपला आपण करून घ्यावा.

हा बुधवार म्हणजे मुसलमानी सफर महिन्यातला शेवटचा. पैगंबरसाहेबांना त्या दिवशी आजारातून उतार पडला होता, असं रईसाच्या अम्मी सांगायच्या. म्हणून छावणीतली त्यांची सगळी गल्ली त्या दिवशी डबे बांधून हिमायत बागेत जायची. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं टांग्यात मीही कोंबलेली असायचे. बागेत पोचलं की आधी चपला काढायच्या आणि हिरव्या गवतावरून चालायचं. त्याला सब्जा तुडवणं म्हणत. अम्मी आम्हा दोघींची बोटं धरून ओढत न्यायच्या. गवत इतकं गार असायचं की मी किंचाळायचे, आणि रईसा मुद्दाम माझ्या पायावर पाय द्यायची. मग आंब्याखाली बगारा भात नि आंबट वरणासारखा दालचा. आईनं दिलेल्या दशम्याही त्यातच. ते दिवस आठवले की मला अजून भूक लागते आणि रडूही येतं. दोन्ही एकदम येतं, ही फार गैरसोय आहे.

पुढं लग्नं झाली, अम्मी गेल्या, टांगेही गेले. रईसा सिडकोत, मी गारखेड्यात. बुधवार कुणाच्या लक्षातही राहिला नाही. फोनवर भांडणं तेवढी चालू राहिली.

गेल्या वर्षी रईसाला कॅन्सर निघाला. औषधांनी गाठ गेली, गेलेले केसही परत आले, पण तिच्या पायांतली जाणीव गेली. घोट्याखाली तिला काही कळेना. डॉक्टर म्हणाले, हळूहळू परत येते कधी कधी, कधी नाही येत. तोवर अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, काच घुसली तरी समजणार नाही. तिची मुलगी रुक्सार बँकेत आहे. रईसाचा नवरा, शफीकभाई, गेल्यापासून घरात दोघीच. तिनं घरभर जाड गालिचे अंथरले आणि रईसाच्या पायांत मऊ चपला कायमच्या अडकवल्या.

आणि पावसाळ्यात रईसाचा फोन आला. "तनू, यंदा सब्जा तुडवायला जायचं."

"पाय कळंना झाले आन्‌ निघाली तुडवायला!"

"म्हणून तर जायचंय. फरशी काय, गालिचा काय, मला सगळं सारखंच. गवत तरी कळतं का बघू. त्याच्यावर नाय कळलं तर मग कशावरच नाय कळणार."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बुधवार हुडकला.

रुक्सारनं साफ नाही म्हणून सांगितलं. माझं तिचं फोनवर चांगलंच वाजलं. "खाला, इन्फेक्शन झालं म्हणजे कोण बघणार?" मी म्हणाले, "मी आदल्या दिवशी जाते, खडा नाय, काच नाय अशी जागा हुडकते. मग तर झालं?" काही दिवसांनी तिचाच फोन आला. रजा टाकली होती. हिमायत बागेत लई चालावं लागतं, त्यापेक्षा मोठ्या बॉटनिकल गार्डनमध्ये जाऊ, तिथं चाकांची खुर्ची आतपर्यंत जाते, हेही तिनंच ठरवलं होतं. मग तिनं विचारलं, "खाला, अम्मीको कुछ तो समजेंगा ना?" तेव्हा मला कळलं, या पोरीनं आमच्यापेक्षा जास्त आशा लावली होती.

मंगळवारी मी सुदर्शनरावांना घेऊन बागेत गेले. जिथं तिथं 'हिरवळीवर चालू नये' अशा पाट्या. रखवालदार कडुबाला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं ताडांच्या मागची हिरवळ दाखवली. तिथं लेकरं खेळतात, कुणी हटकत नाही. मी बसून तळहातांनी ती चाचपू लागले. कडुबा म्हणाला, "मावशी, काय हारवलं का?" गुडघे धरून सुदर्शनरावही खाली बसले आणि रुमालात खडे गोळा करू लागले. घरी आल्यावर त्यांना न मागता चहा मिळाला.

बुधवारी निघायला उशीर झाला, कारण दालच्यात चिंच कमी पडली असं रईसाचं म्हणणं. पोचलो तोवर ऊन चढलं होतं. पावसानं आठवडाभर दडी मारलेली. खुर्ची हिरवळीपाशी थांबवून रुक्सारनं रईसाच्या चपला नि मोजे काढले. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, अशी धरून आम्ही रईसाला उभी केली. डोळे मिटून ती चालू लागली.

"अम्मी?"

"थंड," रईसा म्हणाली. "थंडगार लागतंय बेटा."

रुक्सारला रडू फुटलं. अम्मीला बाकावर बसवून ती हसत, डोळे पुसत गाडीतले डबे आणायला पळाली.

चपला मीही काढल्या होत्या. गवत उन्हानं तापलेलं होतं. गार तर नावालाही नव्हतं.

मी रईसाचे पाय मांडीवर घेतले. डाव्या टाचेत सराट्याचा काटा पार आत रुतला होता. एवढी हिरवळ चाचपली, आणि हा राहिलाच! मी नखांनी तो उपसला, रक्त आलं, तिचा पाय साधा हललाही नाही. ती गाडीकडं बघत होती.

"काटा व्हता ना?" तिनं विचारलं. "तुझ्या तोंडावरनं कळलं."

"तुला काहीच नाय कळलं?"

"काहीच नाय गं." तिचा आवाज फाटला. "पोरगी साल झालं नीट झोपली नाय, तनू. आज तरी झोपू दे तिला. मोजा चढव, घरी गेल्यावर औषध लावते मी."

मी रक्त पुसलं, मोजा चढवला. मान वर केली तर रुक्सार डबे घेऊन येत होती, आणि तिकडूनच ओरडली, "रुको खाला, मैं भी चलतूं!" ताडांच्या आड वाकून ती सँडलचे पट्टे सोडू लागली. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढली. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली होती. बाकासमोरच्या गवतावर मी ती सगळी ओतली आणि रिकामी बाटली पदराखाली धरली.

रुक्सारनं तिथंच पाय ठेवला.

"अल्ला! कित्ता थंडा है," ती म्हणाली.

रईसानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी रडत होते. रुक्सारला वाटलं, आनंदानं.