अर्ध्या बंदुकीची किंमत

मी एक जुनी बंदूक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर अर्धीच आहे. माझी नळी, चाप आणि पोलादी अंग एवढंच बाळकुमच्या या फ्लॅटमध्ये राहतं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता डोंबिवलीला असतो. असतो म्हणजे, असायचा. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म विलायतेतला. माझ्यात एका वेळी एकच काडतूस बसतं. खालची कडी ओढायची, काडतूस सरकवायचं, कडी वर घ्यायची आणि चाप दाबायचा. काळ्या दारूचा बार उडाला की समोर एवढा धूर व्हायचा, की नेम लागला की चुकला हे मलाही लगेच कळत नसे. ज्या कारागिरानं मला घडवलं, त्यानं माझ्या पोलादावर एक आकडा ठोकला आणि तोच आकडा अक्रोडाच्या दस्त्यावरही ठोकला. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांचे. मी हे फार मनावर घेतलं होतं.

पुढे शिकारीला आलेल्या एका साहेबाला इथल्या एका शेतकऱ्यानं येऊरच्या डोंगरातल्या वाटा दाखवल्या. जाताना साहेब मला त्याच्याकडे देऊन गेला. रीतसर परवाना निघाला. बाळकुमला तेव्हा भातशेती होती. डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि माझ्या एका बारानं धूम ठोकायची. गावात माझं भारी कौतुक होतं, आणि मी ते आवडीनं करून घेत असे.

गोदूबाई त्या घरात नवी सून म्हणून आली, तेव्हा फळीवरचा कोयता काढताना तिच्या हातून निसटला तो थेट माझ्या दस्त्यावर. लाकडात नखाएवढी खाच पडली. पोर रडवेली झाली. सासरा हसला आणि म्हणाला, "रडतेस कशाला? खूण केलीस ना, आता बंदूक तुजी झाली." तेव्हापासून दर दसऱ्याला मला हळदकुंकू लावताना तिचा अंगठा त्या खाचेत जाऊन बसायचा. मला ते हळदकुंकवाहून जास्त आवडायचं.

मग माझी काडतुसं मिळेनाशी झाली. शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मला कायमचं निकामी केलं गेलं आणि तसा सरकारी कागद घरी आला. जमिनीच्या पैशांवरून गोदूबाईच्या दोन मुलांचं, दौलत आणि सहदेवचं, बोलणं तुटलं. सहदेव डोंबिवलीला राहायला गेला. जाताना मी दोघांनाही हवी होते. तेव्हा गोदूबाईनं माझा लांब स्क्रू काढायला लावला आणि मला मधोमध सोडवलं.

"लोखंड दौलतकडं, लाकूड सहदेवकडं," ती म्हणाली. "वरसभर तोंडं नका बगू. पन दसऱ्याला हिला जोरायची, ती दोघांनी मिलून, माज्यासमोर."

मला भयंकर राग आला. पण म्हातारीचा डाव पहिल्याच दसऱ्याला माझ्या लक्षात आला. मला जोडणं एकट्याचं काम नाही. एकानं मला धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू फिरवायचा. मग बोलावंच लागतं. "जरा वर धर रे." "डावीकडे घे, अजून." स्क्रू बसेपर्यंत चहा यायचा आणि चहा संपेपर्यंत पानं वाढलेली असायची. मी बंदूक असून माणसं जोडते, असा मला केवढा गर्व होता.

यंदा नवरात्राच्या आधी दौलतनं विनीत नावाच्या एका गृहस्थांना घरी आणलं. जुन्या हत्यारांची किंमत सांगणं हा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्या नळीत टॉर्च मारला, आकडा वाचला.

"काका, हिचा काळपट रंग कुणी घासून काढला नाही, हे फार बरं केलंत. चकचकीत केली की किंमत गेलीच. पण दस्ता कुठाय?"

"भावाकडे आहे. त्याच्यावर पण हाच नंबर आहे."

"मग आणा की. नंबर जुळला तर हौशी लोक सांगाल ती किंमत देतात. नुसत्या लोखंडाला कोण विचारतो?"

"दसऱ्याला येतोच तो," दौलत म्हणाला. "गोडीगोडीत ठेवून घेतो. त्याला कशाला सांगायचं काय ते? तुम्ही पण या, मित्र म्हणून."

मी त्याच्याच मांडीवर होते, मित्रांनो. लहानपणी याच मुलानं मला पाठीशी बांधून अख्ख्या घरात मिरवलं होतं.

दसऱ्याला सहदेव टॉवेलात गुंडाळून दस्ता घेऊन आला. दौलतनं मला धरलं, सहदेवनं स्क्रू फिरवला, आणि माझ्या अंगावर काटा आला. लाकूड नीट बसेना. त्याला ताज्या पॉलिशचा वास होता. ते माझं नव्हतंच.

विनीतनी वाकून पाहिलं आणि दौलतला गॅलरीत नेलं. "हे नवीन केलंय, काका. आकडा आत्ता ठोकलाय." दौलतनं भावाला हाक मारली. गॅलरीचं दार उघडंच होतं.

"आपला दस्ता कुठंय?"

"विकला. एकाकडे अशीच बंदूक होती, तिचा दस्ता फुटलेला. चांगले पैसे देत होता," सहदेव म्हणाला. "आणि तू ह्यांना आरती करायला बोलावलंयस काय? मला काय कळत नाय?"

मला गंज चढला असता तरी एवढं वाईट वाटलं नसतं. एकानं मला विकलं होतं आणि दुसरा विकायच्या बेतात होता.

गोदूबाईला हल्ली डोळ्यांनी दिसत नाही. तिनं आतून विचारलं, "जोरली का रं?"

"हो आई," दोघं एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच एकमत.

तिनं मला मांडीवर घेतलं. हळद लावली, कुंकू लावलं. मग तिचा अंगठा लाकडावरून खाली गेला, वर आला. तिनं मला उलटं केलं, पुन्हा चाचपलं. दोन्ही मुलं खांद्याला खांदा लावून बघत उभी होती. शेवटी तिनं अंगठा लुगड्याला पुसला.

"हाताला आता काय कलत नाय," ती म्हणाली. "बोटं मेली माजी."

 

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेलाचा हात फिरवत जा, तिला ओल लागू देऊ नका. विकायचीच वेळ आली तर विका, मी नाही म्हणत नाही. पण जिची खूण त्या वस्तूवर आहे, तिला आधी सांगा. मला तोंड असतं तर मी त्या दिवशी एवढंच म्हणाले असते: गोदूबाई, तुझी बोटं चांगली आहेत गं. तिथे खाच नव्हतीच.