टाकून द्या म्हणाले

विद्याधररावांना दसऱ्याच्या दिवशी साऱ्या सोसायटीसमोर मोटरसायकल चालवून दाखवायची होती, आणि ती चालणार नाही हे अख्ख्या मुलुंड पूर्वेत एकाच माणसाला ठाऊक होतं. ती त्यांची बायको. वसुधाबाई हे गुपित पोटात घेऊन हिंडत होत्या आणि खरं सांगायचं तर लग्नानंतर इतक्या मजेचे दिवस त्यांच्या वाट्याला फारसे आलेच नव्हते.

गाडी मुळात विद्याधररावांची नव्हे. ती त्यांच्या धाकट्या भावाची, सुबोधची. जुनी इंग्लिश गाडी, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघ. सुबोध मुलाला पुढे टाकीवर बसवून आरे कॉलनीतून जायचा तेव्हा तबेल्यातली माणसं हातातलं काम टाकून बघायची म्हणे. त्याची बायको बाळंतपणात गेली, आणि मुलगा यज्ञेश जेमतेम शाळेत जायला लागला तोच सुबोधही काविळीने गेला. विद्याधररावांनी मुलगाही घरी आणला आणि गाडीही. गाडीला नवी ताडपत्री घेतली, मुलाला गॅलरीत जुनी सतरंजी दिली. "घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्च असतो," हे वाक्य यज्ञेशने वरणभाताबरोबर रोज खाल्लं. गाडीला हात लावायचा नाही हा दुसरा नियम. विद्याधररावांनी स्वतः ती एकदाच बाहेर काढली, ऑइल आहे की नाही हे न बघता, आणि मिठागर रोडवर इंजिन जाम करून ढकलत परत आणली. त्यानंतर गाडी जी मुकी झाली ती झालीच.

वसुधाबाईंना मूल नव्हतं. नवरा घरात नसला की त्या यज्ञेशला गरम पोळीवर साजूक तूप वाढत, आणि नवरा आला की झाकण लावून ठेवत. पोरगा शिकला, इंजिनिअर झाला, आयर्लंडला नोकरी लागली. पण त्याच्या लग्नाच्या पंगतीत विद्याधररावांनी व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आश्रित म्हणून आणला होता, माणूस करून देतोय तुम्हाला." नवी नवरी अक्षता खाली मान घालून जिलबीकडे बघत राहिली. त्या दिवसापासून यज्ञेश काकांशी बोलला नाही. विद्याधररावांनीही कधी आपणहून फोन केला नाही. जे काही सांगायचं विचारायचं ते वसुधाबाईंच्या फोनवरून, त्यांच्या तोंडून. इकडचा निरोप तिकडे जाताना त्या त्यातले काटे काढत आणि तिकडचा इकडे येताना थोडी साखर घालत.

निवृत्तीनंतर विद्याधररावांना गाडीचा ध्यास लागला. घाटकोपरचा कुंडलिक मेकॅनिक रविवारी येऊन एकेक भाग उघडू लागला, आणि पार्टची फर्माईश वसुधाबाईंमार्फत आयर्लंडला जाऊ लागली. बर्मिंगहॅमजवळचा एक म्हातारा दुकानदार असे जुने पार्ट विकतो. थेट मुंबईला मागवले तर आपले कस्टमवाले सोलून काढतात, म्हणून म्हाताऱ्याने ते यज्ञेशकडे पाठवायचे आणि यज्ञेशने भारतात येताना पायमोज्यांत गुंडाळून आणायचे. मध्ये ना जकात, ना कुणाची विचारपूस. यज्ञेश ते आणी, टेबलावर ठेवी आणि काही न बोलता अक्षताच्या माहेरी बोरिवलीला निघून जाई. वसुधाबाईंना ते बघवत नसे. पोराला अजून हमाली करावी लागते, असं त्यांना वाटे, आणि पोराला काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

मग इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं, आयर्लंड मात्र आतच राहिलं. मुलुंडच्या बाईला त्याचं काय सोयरसुतक, पण त्या ब्रेक्झिटने यांच्या घरात पाय ठेवलाच. तेच खोकं, तोच म्हातारा, तोच समुद्र, पण आता तो परदेशी माल झाला. व्हॅट आला, त्यावर ड्युटी, वर कागद हाताळण्याची फी. ड्युटी माफही होते, पण वस्तू इंग्लंडमध्येच बनल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि जो कारखाना बंद पडून दोन पिढ्या झाल्या त्याचा दाखला कोण आणून देणार? सुरुवातीला यज्ञेश मुकाट्याने भरत राहिला. विद्याधररावांनी एकदाही विचारलं नाही की किती भरलेस. "त्याला म्हणावं, तुझ्यावर कमी पैसे घातलेत का," एवढंच म्हणाले, आणि तो काटा मात्र वसुधाबाईंनी पुढे पाठवला नाही.

शेवटी राहिला मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग. त्याच्याशिवाय बाकी सगळी गाडी नुसती शोभेची. म्हाताऱ्याकडे एकच शिल्लक होता. त्याने तो पाठवला आणि बरोबर कळवलं की या कागदांना मी कंटाळलो, यापुढे समुद्रापार काहीही पाठवणार नाही.

यज्ञेशचा फोन आला तो दुपारी. विद्याधरराव आतल्या खोलीत पंख्याखाली झोपले होते.

"काकू, मॅग्नेटो कस्टममध्ये अडकलाय. आज शेवटची मुदत. तीन पर्याय दिलेत त्यांनी. सगळा टॅक्स भरून सोडवायचा, परत पाठवायचा, नाहीतर हक्क सोडायचा."

"परत पाठव की मग."

"म्हातारा घेत नाही गं परत. त्यालाही तिकडे नव्याने सगळे कागद करावे लागतात."

"आणि हक्क सोडला तर?"

"ते नष्ट करून टाकतात. तू काकांना विचार ना. त्यांची वस्तू आहे. मी थांबतो."

वसुधाबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता. उशाशी चामड्याचे नवे हातमोजे होते, दसऱ्यासाठी आणलेले. त्यांना यज्ञेशची तिकडची भाड्याची खोली आठवली, अक्षताला सातवा लागलाय हे आठवलं, आणि मग ती पंगत आठवली. पोराचा खर्च वाचेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाचं काहीतरी मोडणं पहिल्यांदाच त्यांच्या हातात आलं होतं. बोलणं व्हायला लागेल तेवढा वेळ त्या उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

"टाकून द्या म्हणाले."

"काय?"

"एवढा टॅक्स भरून आणण्याच्या लायकीची ती गाडी नाही, म्हणाले."

"असं म्हणाले काका?" यज्ञेशने विचारलं.

"हो रे. असंच म्हणाले."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी चहा देताना वसुधाबाईंनी नवऱ्याला सांगितलं की मॅग्नेटो सुटला, दसऱ्याला सकाळी यज्ञेश विमानतळावरून सरळ इथेच येतोय. विद्याधररावांनी मान हलवली. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

पुढे बाईंनी जे केलं ते मात्र कुणाचा खर्च वाचवण्यासाठी नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवरचं आमंत्रण त्यांनीच लिहून दिलं. सेक्रेटरी हर्षदला सांगून गेटजवळची जागा मोकळी करून घेतली. यज्ञेश सुट्टीवर येणारच होता, त्याला फक्त दसऱ्याला सकाळी सरळ इकडेच ये म्हणून कळवलं. "देवदत्तांनाही बोलवा ना," त्या म्हणाल्या. देवदत्त हा सुबोधचा जुना मित्र. सुबोध गाडी कशी चालवायचा हे बघितलेला. विद्याधरराव जरा घुटमळले, पण मग त्यांनी बोलावलं. सुबोध होता तोवर ते त्याच्या मागच्या सीटवर बसलेले, आणि ती सीट त्यांना अजून टोचत होती. बाईंनी पेढे दुप्पट सांगितले, शर्टाला खळ घालून इस्त्री केली. गुडघ्याला तेल चोळून नवरा रोज खाली जाऊन नुसतीच किक मारायचा सराव करी, आणि त्या वरून गॅलरीतून बघत. कधी हसू आवरेनासं झालं तर आत येत.

दसऱ्याला गाडी झेंडूच्या माळा घालून गेटपाशी उभी राहिली. कुंडलिक पाने-पकड घेऊन उकिडवा बसला. "आला मॅग्नेटो की अर्ध्या तासात चालू करतो, साहेब," म्हणाला. माणसं जमली, देवदत्त काठी टेकत आले. विद्याधरराव हातमोजे घालून उभे होते. टॅक्सी थांबली, यज्ञेश उतरला, बॅग खांद्यावर घेतली. गर्दी बघून तो गोंधळला.

विद्याधररावांनी हात पुढे केला. लग्नानंतर पहिल्यांदा ते त्याच्याशी बोलले.

"आण."

"काय आणू?"

"मॅग्नेटो. सगळे खोळंबलेत."

यज्ञेशने काकांकडे बघितलं. "तुम्हीच टाकून द्या म्हणालात ना? मी हक्क सोडला त्याच दिवशी. केव्हाच नष्ट केला त्यांनी."

कुणीतरी हसलं. विद्याधररावांची मान हळूहळू बायकोकडे वळली. वसुधाबाईंनी वाक्य तयारच ठेवलं होतं. गॅलरीत झोपणाऱ्या पोराच्या वतीने त्या ते बोलणार होत्या.

"घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचा खर्च असतो," त्या म्हणाल्या. "नाही परवडला."

हर्षदने पेढे वाटायला घेतले, कारण दुसरं काय करावं त्याला सुचेना. लोकांनी सोनं दिलं, घेतलं, पेढा तोंडात टाकला आणि आपापल्या जिन्याने गेले. कुंडलिकने पाने गुंडाळले. देवदत्त जाताना टाकीवर हात फिरवून गेले. विद्याधरराव पायरीवर बसले. एक हातमोजा काढलेला, दुसरा तसाच. मार खाल्लेल्या मुलासारखा चेहरा झाला होता, आणि वसुधाबाईंनी तो डोळे भरून बघितला. मग त्या यज्ञेशजवळ गेल्या.

"सुटलास रे बाबा," त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता कुणाची हमाली नाही."

यज्ञेश गाडीकडेच बघत होता. "ते नाही म्हणालेच नव्हते?"

"झोपले होते. मीच सांगितलं. तुझे पैसे उगाच..."

"काकू, मी कार्ड हातात घेऊन बसलो होतो."

"मग विचारलंस कशाला?"

"इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोलायला तेवढंच निमित्त होतं म्हणून. ते भर म्हणतील आणि मी भरीन, असं वाटलं होतं." त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "बाबांचा आवाज मला आठवत नाही. या गाडीचा आठवतो. टाकीवर बसलं की पोटात घुमायचा. मला एकदा तो ऐकायचा होता, आणि पोराला ऐकवायचा होता. इतके पार्ट मी काय त्यांच्या धाकाने आणत होतो?"

वसुधाबाईंचा हात त्याच्या पाठीवर तसाच राहिला.

"लायकीची नाही म्हणाले, असं सांगितलंस तू मला. मी दोन रात्री झोपलो नाही. आणखी काय काय तू असं सांगितलंयस, काकू?"

"तुझ्या भल्यासाठीच रे."

"असेल." त्याने त्यांचा हात पाठीवरून काढला, अगदी हळू, लागू नये अशा बेताने. "यापुढे मी त्यांच्याशी थेट बोलेन."

तो पायरीपाशी गेला आणि विद्याधररावांच्या शेजारी बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने विद्याधररावांनी विचारलं, "दुसरा मिळेल का रे कुठे?" आणि यज्ञेश म्हणाला, "नाही मिळणार, काका." मग विद्याधरराव सुबोध किक कशी मारायचा ते सांगू लागले, बसल्या बसल्या पाय हलवून, आणि यज्ञेश ऐकू लागला.

वसुधाबाई पेढ्यांचा खोका घेऊन गाडीजवळ उभ्या होत्या. वर जाऊन चहा टाकावा असं त्यांच्या मनात आलं. त्या जिन्यापर्यंत गेल्या, वळून बघितलं, पण त्यांना कुणी हाक मारली नाही.