डाव्या बाजूचा आवाज

मी एक हेडसेट. गेम खेळणाऱ्यांच्या डोक्यावर बसणं हा माझा धंदा. एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. कुणी माझ्यात तारा जोडल्या, कुणी गाद्या चढवल्या, आणि शेवटच्या तपासनिसानं डावी-उजवी बाजू यंत्रावर ताडून पाहून शिक्का मारला. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा अभिमान आहे. गर्व म्हणालात तरी चालेल.

दुकानाचं तोंड मी पाहिलंच नाही. कंपनीनं मला थेट परीक्षेला पाठवलं. एक तरुण बाई मासिकासाठी हेडसेटची पारख करून लिहायची. तिच्या एका ओळीवर लोक माल घ्यायचे किंवा नाक मुरडायचे. तिच्या खोलीत माझे कितीतरी भाऊबंद खुंट्यांवर लटकत होते. काहींच्या गाद्यांची सालं निघाली होती.

तिनं मला घालून पाहिलं, दोन्हीकडचा आवाज ऐकला आणि हाक मारली, "बाबा, नवीन आलाय. बसता का जरा?"

बाबा म्हणजे तिचे सासरे. फुटबॉलचे निवृत्त पंच. उभी हयात मैदानावर शिट्ट्या फुंकण्यात गेलेली. डोकं मोठं, कान त्याहून मोठे, वर जाड चष्मा. जे त्यांना टोचलं नाही, ते कुणालाच टोचणार नाही, असा सुनेचा हिशेब होता.

ते खेळायला बसले. पडक्या इमारतीत शत्रू शोधायचा खेळ. पावलांचा आवाज ज्या बाजूनं येईल तिकडे वळायचं. उजवीकडून आलेले त्यांनी पटापट टिपले, पण डावीकडून आलेल्या प्रत्येकानं त्यांचाच निकाल लावला. जेवणाची वेळ होईपर्यंत हेच चाललं होतं.

"चष्म्याची काडी दाबत नाही," ते म्हणाले. "डोक्यावर ओझंही वाटत नाही. पण डाव्या बाजूला जीव नाही. माल सदोष आहे, लिही तसं."

सदोष? मी? माझ्या तारा तापल्या.

"मला तर दोन्ही बाजू सारख्या वाटल्या," सून म्हणाली.

"पंच मी आहे. निर्णय झाला."

सून वाद घालत बसली नाही. तिनं मला उचललं, उलटं फिरवून पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि तोच खेळ लावला. "आता कुठली बाजू कमी आहे?"

"डावीच. सांगितलं ना?"

"बाबा, मी याला उलटा घातलाय. मघाची डावी बाजू आता तुमच्या उजव्या कानावर आहे."

त्यांनी मला काढून मांडीवर ठेवलं. अंगठ्यानं माझी गादी दाबत राहिले, जणू खोट तिथेच कुठे सापडेल. मी निर्दोष सुटलो होतो, पण त्या अंगठ्यापुढे मला आनंद करवेना.

दारात सासूबाई घड्या घातलेले कपडे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे वर्षभर मी हाका मारते आणि तुम्ही ढिम्म हलत नाही, ते रागानं नव्हे?"

"राग कसला?" ते म्हणाले. "मला वाटलं, तूच बोलणं टाकलंस."

"टाकलंच शेवटी. भिंतीशी किती बोलायचं माणसानं?"

सून पाणी आणते म्हणून बाहेर गेली. तहान कुणालाच नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं. शिट्ट्या आणि मैदानावरचा गलका यांनी डावा कान हळूहळू थकवला होता. कानामागे छोटं यंत्र लावा, म्हणाले. बाबा आधी अडून बसले.

"पंचांनी निर्णय बदललेला चालतो का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"पुरावा समोर असला तर बदलावाच लागतो," ते नाइलाजानं म्हणाले.

यंत्र लावून त्यांनी मला पहिल्यांदा घातलं, तेव्हा माझी गादी त्यावर दाबली गेली आणि ते कुईं करून ओरडलं. बाबा हसून म्हणाले, "जन्मभर मी शिट्टी वाजवली, आता माझ्यावरच वाजतेय." सुनेनं मला थोडं मागे सरकवलं. मग ठीक बसलो.

मासिकात माझ्याबद्दल चांगलं छापून आलं: बसायला उत्तम, दोन्ही बाजू समतोल, उलटसुलट करून खात्री केली. कंपनीला विचारून तिनं मला घरातच ठेवून घेतलं.

आता माझ्या गाद्या झिजल्यात आणि पट्टी बाबांच्या डोक्याच्या मापानं फाकलीय. तक्रार नाही. एवढंच सांगतो: हेडसेटला नावं ठेवण्याआधी एकदा तो उलटा करून बघा. आणि घरातलं कुणी हाकेला ओ देत नसेल, तर रुसण्याआधी त्याचे कान तपासून घ्या.

परवा बाबा खेळात रंगले होते. सासूबाई त्यांच्या डाव्या अंगाला येऊन बसल्या, माझी कानावरची वाटी हलकेच उचलली आणि काहीतरी पुटपुटून उठल्या. बाबांनी चालता खेळ तसाच सोडला, शत्रूला जिंकू दिलं आणि मला टेबलावर ठेवून त्यांच्यामागे गेले. माझ्या आवाजापेक्षा सरस आवाज मी आजवर तेवढाच मान्य केलाय.