दुर्बिणीच्या भिंगाला टेकून

मी एक छोटा, रुपेरी, खिशात मावणारा कॅमेरा. वाढदिवसाचे केक, नातवंडांचे चेहरे, धबधब्यापुढे उभी राहिलेली जोडपी टिपायची, एवढ्यासाठी मला बनवलं होतं. लांबचं मला दिसत नाही. शेताच्या पलीकडच्या कडेचा पक्षी म्हणजे मला नुसता ठिपका. तरीही माझं सगळं आयुष्य लांबचे पक्षी टिपण्यात गेलं, ते मिशिगनच्या नॉर्बर्ट कुबियाकमुळे.

नॉर्बर्ट मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लेथवर होता. निवृत्त झाल्यावर त्याने तिपाईवर उभी राहणारी लांब दुर्बीण घेतली आणि एक दिवस मला तिच्या मागच्या भिंगाला टेकवून बघितलं. फोटोत भलंमोठं काळं वर्तुळ आलं आणि त्याच्या मधोमध एक बदक. मग त्याने तळघरात बसून माझ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचं कडं कातलं. एका बाजूने ते माझ्या तोंडावर बसायचं, दुसऱ्या बाजूने दुर्बिणीवर. जरा झूम केलं की काळं वर्तुळ जायचं आणि नुसतं बदक उरायचं.

पद्धत ठरलेली होती. आधी त्याने दुर्बिणीला डोळा लावून पक्षी स्पष्ट करून घ्यायचा. मग मला बसवायचं, टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा, कारण बोट लागलं तरी चित्र हलतं. तेवढा वेळ त्याची बायको डेल्फिन वाऱ्याला आडोसा करून उभी राहायची. मी एकदा उघडायचो आणि मिटायचो. त्यात आनंद होता की नाही, मला सांगता येणार नाही.

फोटो मात्र नॉर्बर्टच्या लेखी फक्त पुरावा. स्वतःच्या डोळ्याने ओळखला तोच पक्षी आपल्या यादीत, असा त्याचा नियम होता. त्याच्या मित्राने, काझने, एकदा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात पाहिलेलं घुबड स्वतःचं म्हणून मोजलं. काझ सॉसेजच्या दुकानातून निवृत्त झालेला, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. पण नॉर्बर्टने त्याला सोडलं नाही. घरी बसून टीव्ही बघ, पेंग्विनसुद्धा मिळतील तुला, असं तो चारचौघांत म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात माझे फोटो धूसर यायला लागले. नॉर्बर्ट माझी काच शर्टाला पुसायचा आणि म्हणायचा, याचं वय झालं. माझी काच ठीक होती. दुर्बिणीतच पक्षी अस्पष्ट सोडलेला असायचा. मी जे समोर होतं तेच घेतलं. डेल्फिन फोटो बघायची, मग नवऱ्याकडे बघायची आणि मला पिशवीत ठेवायची. घरी तो कॉफी कपाच्या बाहेर ओतायचा आणि ती फडकं फिरवायची. तो डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आला. डोळे कोरडे पडलेत, एवढंच त्याने तिला सांगितलं. गाडीही तोच चालवत राहिला.

मे महिन्यात काझचा फोन आला. खाडीकाठच्या चिखलात कर्ल्यू सँडपायपर उतरला होता. विटकरी पोटाचा, वाकलेल्या चोचीचा छोटा पक्षी. आमच्याकडे तो वाट चुकूनच येतो. नॉर्बर्ट त्याच्यासाठी पूर्वी दोनदा धावला होता आणि दोन्ही वेळा पक्षी आदल्या दिवशीच उडून गेला होता. मी डेल्फिनच्या मांडीवर होतो. वाटेत ती सारखी म्हणत होती, नॉर्ब, जरा डावीकडे घे.

बांधावर पाच-सहाजण दुर्बिणी लावून उभे होते. काझने आपली दुर्बीण सोडली आणि त्याला पुढे केलं.

"ये, म्हाताऱ्या. अगदी मधोमध धरलाय तुझ्यासाठी."

नॉर्बर्ट वाकला. बराच वेळ वाकून राहिला. आमच्यात असा पक्षी पहिल्यांदा दिसला की सगळे हात मिळवतात आणि ज्याला दिसला तो सगळ्यांना अ‍ॅपल पाय खाऊ घालतो. सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते. काझने हातमोजासुद्धा काढून ठेवला होता.

तेवढ्यात डेल्फिनने आमची दुर्बीण लावली, मला बसवलं, टायमर लावून हात काढला. मी तो पक्षी घेतला. चोच, पोट, चिखलातलं त्याचं प्रतिबिंब, सगळं स्वच्छ. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो तो. तिने चित्र मोठं केलं आणि हळूच नवऱ्याच्या कोपराशी धरलं. त्याने एक हो म्हटलं असतं की संपलं असतं. इतकी वर्षं वाट पाहिलेला पक्षी त्याचा झाला असता आणि गाडीची किल्लीही त्याच्याच खिशात राहिली असती.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"काझ, मला नाही दिसला," तो म्हणाला. "मधोमध मला काहीच दिसत नाही. हिवाळ्यापासून."

डेल्फिनने मला बंद केलं. काझने दुर्बीण किंचित सरकवली, पक्षी कडेला आणला.

"आता बघ. कडेकडेने बघ."

नॉर्बर्ट पुन्हा वाकला. "काहीतरी विटकरी हललं."

"मग तोच की, लेका! घे यादीत."

"काहीतरी विटकरी म्हणजे पक्षी नव्हे, काझ."

काझने हातमोजा पुन्हा घातला. त्या घुबडावरून त्याला बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्याने नॉर्बर्टची तिपाई स्वतः उचलून गाडीत ठेवली. नॉर्बर्टने किल्ली डेल्फिनच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूने जाऊन बसला. वाटेत दोघांनी एका हॉटेलात सूप घेतलं. तिने विचारलं, डॉक्टर नक्की काय म्हणाले? त्याने सगळं सांगितलं. सूप निवून गेलं.

आता लोक दुर्बिणीला फोन टेकवतात. मी भांडी पुसायच्या फडक्यांच्या खणात असतो. कडं काढून ठेवलंय. माझी बॅटरी फुगली आहे. डेल्फिन दुर्बीण घेऊन जाते, नॉर्बर्ट बरोबर जातो आणि आवाजावरून पक्षी सांगतो. स्वतःच्या कानाने ओळखलेले पक्षी तो मोजतो.

मला टाकून दिलंत तरी हरकत नाही. पण त्याआधी कुणी माझं कार्ड उघडलं, तर तो फोटो छापून, चौकटीत घालून नॉर्बर्टला भेट देऊ नका. फार सुंदर आलाय, म्हणून मोह होईल. देऊ नका. त्याने तो पक्षी पाहिलेला नाही.