बायकांची खिडकी

अनुजाने हातातले तीन केसपेपर पुन्हा एकदा वरखाली केले. सासऱ्यांचा वर, शेजारच्या रामदासकाकांचा त्याखाली आणि तळाशी तिचा स्वतःचा, चार घड्या घातलेला. तो आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अकरा वाजून दहा झाले होते. साडेअकराला खिडकी बंद. पुढे अजून नऊ बायका होत्या आणि प्रत्येकीच्या हातात कागदांचा जुडगा होता.

डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीत एक समज पक्का होता. सरकारी दवाखान्यात बायकांना वेगळी खिडकी, म्हणजे बायकांचं काम झटपट. मग शहाण्या पुरुषांनी आपापले कागद बायकांच्या हाती दिले आणि स्वतः बाकावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला मोकळे झाले. असे शहाणे आसपासच्या सगळ्याच चाळींत होते. त्यामुळे बायकांची रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि पुरुषांच्या खिडकीपाशी जेमतेम चारजण उभे होते. ते बघायला नुसती मान वळवायची होती, पण ती वळवणार कोण?

"बायकांचा बरा असता रे रामदास," सासरे कुशाबा बाकावरून म्हणाले. हातात चहाचा कागदी कप होता. "येगळी लाईन, खोळंबो नाय. आमका कोण इचारता?"

रामदासकाका हसले. सकाळी गॅलरीत "जातंसच तर माझो पण घे गो" म्हणत त्यांनी कागद पुढे केला, तेव्हा नाही म्हणायला अनुजाची जीभ रेटली नव्हती. गेल्या गुरुवारीही असंच झालं. खिडकीवर एकाकडून दोनच कागद घेतात. तिने त्या दोघांचे दिले, पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि पुढे सहाजणी असताना खिडकी बंद झाली. तिला हवी ती तपासणी फक्त गुरुवारीच असते. या आठ दिवसांत आंघोळ करताना हात रोज तिथेच जायचा आणि गाठ वाढलीय असं रोज वाटायचं. तिला भीती वाटत होती. ती ऐकून घ्यायला घरात कुणाला सवड नव्हती.

पुढच्या बाईने मागे वळून तिच्या हाताकडे पाहिलं.

"किती आहेत?"

"तीन."

"दोनच घेतो तो. कुणाचा ठेवायचा ते आत्ताच ठरव बाई. तिथे सुचत नाही."

अनुजाचा नंबर आला तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. तिने सासऱ्यांचा कागद आत सरकवला. दुसऱ्या कागदावर बोट थांबलं.

"ओ ताई, चला ना पटापट!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने तळचा कागद ओढून काढला. घड्या उलगडून तोही आत सरकवला.

"पेशंट कुठाय?" कारकुनाने विचारलं.

"मीच."

"काय होतंय? मोठ्याने बोला, काचेतून ऐकू येत नाही."

"छातीत गाठ आहे," अनुजा म्हणाली. मोठ्यानेच म्हणाली.

बाकावर कुशाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

शिक्का मारलेले दोन्ही कागद घेऊन ती बाकापाशी आली. तिसरा तिने रामदासकाकांच्या हातात ठेवला.

"काका, तुमचा राहिला. ती लाईन मोकळी आहे बघा."

काका उठले. तीन मिनिटांत परत आले ते कागद फडकवतच.

"मिन्टात झाला गो! रिकामीच होती लाईन. आमी उगीच आपले..."

"गप रव," कुशाबा म्हणाले.

त्यांनी अनुजाचा कागद मागून घेऊन मांडीवर धरला होता. चष्मा घरी राहिला होता, म्हणून ते बोट ठेवून एकेक अक्षर लावत होते. बाकावर शेजारी ठेवलेली आपली पिशवी त्यांनी केव्हाच उचलून खाली ठेवली होती. जागा झाली होती, पण अनुजा अजून उभीच होती.